मानधन नको, मजुरी द्या!

दिवाळी अंकात चित्रकाराने लेख लिहायचा म्हणजे वाढप्याने पाट मांडून पंगतीला बसायचे. लोक वळून बघणारच. आमची जागा कथेच्या डोक्यावर किंवा कवितेच्या कडेला. ऐनवेळी जाहिरात रद्द झाली, तर तिच्या रिकाम्या चौकटीत. अनुक्रमणिकेत लेखकांची नावे ठळक, आणि मुद्रकाच्या पत्त्याशेजारी बारीक टायपात 'सजावट' म्हणून आमचे. तरीही या वर्षी मी संपादकांकडे चित्रांऐवजी पाने मागितली आणि त्यांनी ती दिली, याबद्दल त्यांचे आभार. पुढचे लिखाण त्यांना आणि त्यांच्या व्यवसायबंधूंना कितपत गोड लागेल, ही गोष्ट वेगळी. फराळाच्या ताटात एखादे कडबोळे तिखट असायचेच.

मी बेळगावात राहून गेली सत्तावीस वर्षे चित्रे काढून पोट भरतो. नोकरी नाही, शाळेत ड्रॉइंग मास्तर नाही, वडिलोपार्जित शेत नाही. कथाचित्रे, मुखपृष्ठे, मुलांची पुस्तके, लग्नपत्रिका, मिठाईचे खोके, शाळांच्या भिंती, शिवजयंतीच्या चित्ररथांचे पडदे, जे येईल ते करतो. यातल्या लग्नपत्रिकेचे पैसे पत्रिका नेतानाच मिळतात. कुंद्याच्या खोक्यावर चित्र हवे असलेला हलवाई निम्मे पैसे आधी मोजतो आणि निम्मे काम पाहून. गल्लीतली पोरे वर्गणी गोळा करून पडद्याचे पैसे चुकते करतात. वर्षाचा हिशेब घातला, तर किराण्याचे बिल भागते ते लग्नपत्रिकेवर आणि खोक्यांवर. साहित्याने मला नाव दिले असेल, साखर दिलेली नाही. जो व्यवहार हलवायाला कळतो, तो साहित्यिकाला का कळू नये, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

श्रावण लागला की फोन सुरू होतात. पलीकडचा माणूस दरवर्षी बदलतो, वाक्ये बदलत नाहीत. ती चार आहेत. पहिले, 'तुमच्यासाठी काय हो, पाच मिनिटांचं काम की!' दुसरे, 'तुमचं नाव होतंय की यातनं.' तिसरे, 'आपलीच माणसं, आपल्यात कसला हिशेब!' आणि चौथे ब्रह्मास्त्र, शेवटी राखून ठेवलेले, 'मराठीसाठी एवढं करायलाच पाहिजे बघा.' या चारही वाक्यांचा एकदा जाहीर समाचार घ्यावा, असे फार दिवस मनात होते.

आधी पाच मिनिटांचे बघू. कथेला चित्र काढायचे तर कथा दोनदा वाचावी लागते. (संपादकांपैकी किती जण दोनदा वाचतात, हे मी विचारत नाही.) एकदा गोष्ट कळण्यासाठी आणि एकदा कुठला क्षण पकडायचा ते ठरवण्यासाठी. शेवट फोडणारे चित्र काढून चालत नाही, आणि कथेत नसलेले तर मुळीच नाही. मग आगपेटीएवढी आठ-दहा कच्ची रेखाटने. त्यातले एक निवडून पेन्सिलीने मोठे करायचे, शाई, वॉश, वाळवणे, स्कॅनिंग. हे झाल्यावर निरोप येतो, 'नायिका जरा देखणी करता येईल का?' कथेतली नायिका तीन मुलांची आई, विटांच्या भट्टीवर काम करणारी. तिला देखणी करण्यात पुन्हा अर्धा दिवस. एका कथेच्या दोन चित्रांना मला सरासरी दीड दिवस लागतो. हात भरभर चालतो म्हणून दीड. नवख्याला तीन लागतील.

आता बेरीज-वजाबाकी. एका अंकाने माझ्याकडून अशा पाच कथांची चित्रे घेतली आणि सगळ्यांचे मिळून दीड हजार रुपये 'मानधन' दिले, तेही दिवाळीचे शिवरात्रीनंतर. साडेसात दिवसांचे दीड हजार, म्हणजे दिवसाला दोनशे. त्याच वर्षी माझ्या घराला आतून रंग दिला. रंगाऱ्याने दिवसाला नऊशे रुपये घेतले. वर दोन वेळचा चहा घेतला आणि शनिवारी संध्याकाळी पैसे हातात पडल्याशिवाय डबे उचलले नाहीत. त्याचे काही चुकले असे मी म्हणत नाही. मी त्याला गुरू मानतो. रंग त्याचाही आणि रंग माझाही. फरक इतकाच, की त्याला मजुरी मिळते आणि मला मानधन.

या 'मानधन' शब्दाची एकदा चिरफाड केली पाहिजे. मान आणि धन असे दोन्ही देतो म्हणून हा शब्द आला. व्यवहारात मात्र त्याचा उपयोग उलटा होतो. मान दिला ना, मग धन कमी दिले तरी चालते! मजुरी थकली तर मजूर दारात उभा राहू शकतो. मानधन मागायला दारात गेले की मानच जातो. म्हणजे हा शब्दच असा घडवला आहे, की घेणाऱ्याने मागू नये. सुताराला कुणी मानधन देत नाही, वकिलाला देत नाही, डॉक्टरला देत नाही. मानधन मिळते ते लेखक, कवी, गायक, व्याख्याता आणि चित्रकार यांना. ज्यांचे काम आपल्याला हवे असते, पण त्याची किंमत मान्य करायची नसते, अशा सगळ्यांना.

दुसरे वाक्य नावाचे. नाव होते हे खरे. पण ते कुणाकडे होते? ज्यांना पुढच्या वर्षी फुकट चित्र हवे असते, त्यांच्याकडे! सत्तावीस वर्षांत दिवाळी अंकातले चित्र पाहून मला पोटापाण्याचे काम मिळाले, असे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजता येतील. शिवाय नाव व्हायला ते छापले पाहिजे. कथेखाली लेखकाचा पत्ता, फोन, छायाचित्र आणि पुरस्कारांची यादी असते. चित्राखाली चित्रकाराची दोन अक्षरी सही, तीही पान कापताना कटरखाली जाते.

तिसरे वाक्य आपलेपणाचे. मी संपादकांना नम्रपणे विचारतो, कागदाचा व्यापारी आपला नाही का? छापखानेवाला आपल्याच गल्लीतला ना? बाइंडिंगवाला तर बहुतेक वेळा मराठीच असतो. त्यांच्यापैकी कुणाला आपण 'आपल्यात कसला हिशेब' म्हणतो? म्हणूनच बघा एकदा! कागद गोदामातून हलणार नाही. टपालखाते तर तिकीट चिकटवल्याशिवाय अंक पेटीतही घेत नाही. हिशेब फक्त दोघांशी नसतो, लिहिणाऱ्याशी आणि चित्र काढणाऱ्याशी. म्हणजे ज्यांच्यावाचून अंक कोऱ्या कागदांचा गठ्ठा होईल, नेमके तेच 'आपले'.

यावर संपादकांची बाजू मला ठाऊक आहे, आणि ती खोटी नाही. सीमाभागातला दिवाळी अंक हा पैसे मिळवायचा धंदा नव्हे. जाहिरातींसाठी गणपतीपासून दारोदार फिरावे लागते. जाहिरात छापून झाल्यावर तिचे पैसे वसूल करायला पुन्हा फिरावे लागते. कागद महागला, टपाल महागले, विकत घेऊन वाचणारे घटले. कित्येक संपादक पदरमोड करून अंक काढतात आणि स्वतः एक रुपया घेत नाहीत. त्यांच्या निष्ठेला माझा नमस्कार. पण संपादकाने स्वतः पदरमोड केली, तर तो त्याचा निर्णय आहे. माझी पदरमोड मला न विचारता करण्याचा अधिकार त्यातून कसा मिळतो? तोटा वाटून घ्यायचा तर सगळ्यांत वाटा. कागदवाल्याला दहा टक्के, छापखान्याला दहा टक्के, आणि माझ्याही वाट्याला दहा टक्के. मी तक्रार करणार नाही. पण इतरांना पूर्ण पैसे देऊन उरलेला सगळा तोटा चित्रकाराच्या दौतीत ओतायचा, याला निष्ठा म्हणत नाहीत. पैसे नसतील तर दहा चित्रांच्या जागी तीन घ्या. कमी चित्रांनी अंक बुडत नाही. मात्र फुकट चित्रांनी चित्रकार बुडतो.

आता ते ब्रह्मास्त्र. मराठीसाठी. १९५६ च्या १ नोव्हेंबरपासून या भागाच्या घराघरांत हा शब्द काय वजनाचा आहे, ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. त्यासाठी लोकांनी तुरुंग पाहिले, लाठ्या खाल्ल्या, नोकऱ्यांवर पाणी सोडले. २००४ साली महाराष्ट्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले. म्हणूनच हा शब्द पावती चुकवण्यासाठी वापरला जातो, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. भाषा जगवायची म्हणजे काय करायचे? त्या भाषेत काम करणाऱ्याला त्या कामावर जगता आले पाहिजे. इथल्या एखाद्या चित्रकाराला इंग्रजी जाहिरातीचे पैसे महिन्यात मिळतात, कानडी दुकानदाराच्या फलकाचे पैसे हातोहात मिळतात, आणि मराठी अंकाच्या चित्राचे मात्र शिवरात्रीपर्यंत मिळत नाहीत. मग त्याच्या मुलाने मराठीबद्दल काय धडा घ्यावा? 'मराठीत पैसे नसतात' हे वाक्य त्याला शाळेत कुणी शिकवत नाही. तो ते घरात बापाच्या तोंडावर वाचतो. मराठीचे नुकसान करायला परकाच कुणी लागतो असे नाही.

बेळगावने या कलेला काय दिले आणि काय ठेवून घेतले, तेही तपासून पाहावे. के. बी. कुलकर्णींनी इथल्या चित्रमंदिरात पिढ्या घडवल्या. त्यांच्याच हाताखाली शिकलेले रवी परांजपे १९३५ साली याच गावात जन्मले. त्यांची कारकीर्द मात्र झाली मुंबईत, नैरोबीत आणि पुण्यात, जाहिरातींसाठी रंगवलेल्या चित्रांच्या बळावर. शि. द. फडणीस १९२५ सालचे, आपल्या जिल्ह्यातल्या भोज गावचे. त्यांच्या हास्यचित्रांनी महाराष्ट्रातल्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठे गाजली, पण त्यांचेही घर पुण्यात. आम्ही भाषणात दोघांना 'आपले' म्हणतो आणि टाळ्या घेतो. ते इथेच राहिले असते, तर त्यांना आम्ही काय दिले असते? शाल, श्रीफळ आणि अंकाची एक प्रत!

मराठी मासिकांच्या जगात इतरत्रही फार वेगळे नव्हते. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तिथून ही परंपरा धरतात. पुढे दुकानाच्या दोरीवर टांगलेला अंक गिऱ्हाइकाला लांबून दिसायचा तो मुखपृष्ठावरून. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर हे दोघेही गोव्याच्या मातीतले. त्यांची नावे घराघरांत पोचली ती याच मुखपृष्ठांवरून. दलालांनी १९४५ साली स्वतःचाच 'दीपावली' सुरू केला. चित्रकाराला अंकात मानाचे पान हवे असेल, तर त्याने अंकाचा मालक व्हावे, हा मला त्यातून दिसणारा धडा! वसंत सरवटे यांची रेषा मराठी साहित्याच्या गळ्यातला ताईत. पण ते सिमेंट कंपनीत स्थापत्य अभियंता होते, घर त्या पगारावर चाले. यात सरवट्यांना कसलाच कमीपणा नाही. कमीपणा असलाच तर तो आपल्या साहित्यव्यवहाराला आहे. पहिल्या प्रतीची रेषा फुरसतीच्या वेळात मिळते, अशी सवय त्याला लागली आणि ती आजतागायत सुटलेली नाही.

काही वर्षांपूर्वी मी एका अंकासाठी काढलेले मुखपृष्ठ पुढच्या जानेवारीत एका पतसंस्थेच्या कॅलेंडरवर अवतरले. माझी सही पुसून तिथे संस्थेचे बोधचिन्ह बसवले होते. विचारले तर उत्तर आले, 'अंकवाल्यांकडनं घेतलं की, त्यांनी पैसे दिलेत ना तुम्हाला?' हा समज सार्वत्रिक आहे, म्हणून कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमानुसार कलाकृतीचा पहिला मालक तिचा कर्ता. त्याला काही अपवाद आहेत. त्यातला एक असा, की कुणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन पेंटिंग किंवा व्यक्तिचित्र केले असेल, तर वेगळा करार नसल्यास त्याचा पहिला मालक ते करवून घेणारा ठरतो. यातली गंमत लक्षात घ्या. हा अपवाद मोबदल्यावर उभा आहे. ज्याने मोबदलाच दिला नाही, त्याला मालकी सांगायला हा आधारही नाही! पुढे १९ वे कलम सांगते, की हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते सहीनिशी लेखी हवे, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. ५७ वे कलम तर त्याहून मोलाचे. हक्क विकून टाकले तरी हे चित्र माझे आहे असे सांगण्याचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो, आणि त्याची अप्रतिष्ठा होईल अशी मोडतोड तो रोखू शकतो. फुकट चित्र घेऊन सही पुसणाऱ्यांनी ही तीन कलमे दिवाळीच्या सुट्टीत वाचून काढावीत. फराळाला बाधणार नाहीत.

आणि आता यंत्र आले आहे. २०२२ पासून चार ओळी लिहिल्या की चित्र काढून देणारी यंत्रे ज्याच्या त्याच्या हाती आली. जगभरच्या चित्रकारांची इंटरनेटवरची चित्रे त्यांना न विचारता गोळा करून ती शिकवली गेली. आपल्या अंकांतही अशी मुखपृष्ठे दिसू लागली आहेत. पणती हातात घेतलेली, मेणासारख्या कातडीची बाई, नऊवारीला काष्टा नाही, नथ भलत्याच नाकपुडीत, आकाशकंदील कशालाच न बांधता हवेत. 'काय फिनिशिंग आहे बघा!' म्हणून ती मला दाखवली जाते. मी म्हणतो, फिनिशिंग आहे खरे, पण ही बाई कुठली? ती निपाणीची नाही, खानापूरची नाही, चंदगडची नाही. उद्या १९८१ च्या निपाणीच्या तंबाखू आंदोलनावर कुणी कथा लिहिली, तर महामार्गावर ठाण मांडून बसलेल्या शेतकऱ्याच्या डोक्यावर हे यंत्र कुठला पटका बांधील? तंबाखूच्या वखारीत दिवसभर बसून पाय आखडलेली बाई उठताना हात कुठे टेकते, हे त्याला कोण सांगणार? ते मला माहीत आहे, कारण मी तिथे बसून रेखाटने केली आहेत. चित्रकाराला द्यायचे पैसे असतात ते या बसण्याचे.

तरीही यंत्राने आमची जागा घेतली, असे रडगाणे मी गाणार नाही. ज्या जागेचे भाडे कुणी कधी दिलेच नव्हते, तिच्यावर दुसरा येऊन बसला, तर नवल कसले? चित्र म्हणजे पान भरायचा मसाला, ही समजूत आधीची आहे. यंत्र तिला फक्त आयते सापडले. ज्या हलवायाने मला खोक्याचे पैसे रोख मोजले, तो अजून माझ्याकडेच येतो. यंत्राकडे आधी कोण पळाले? ज्यांचे चित्र पूर्वीपासून फुकटच होते, ते.

म्हणून मागण्या मांडतो. त्या चारच आहेत आणि एकीलाही लाख रुपये लागत नाहीत. एक, काम सांगताना आकडा सांगा, आणि अंकाच्या अंदाजपत्रकात कागदाच्या ओळीखाली चित्रांची ओळ लिहा. आकडा लहान असला तरी चालेल, 'बघू नंतर' चालणार नाही. दोन, चित्रकाराचे नाव अनुक्रमणिकेत कथाकाराच्या नावाशेजारी छापा. तीन, चित्र एका अंकात एकदा छापण्यासाठी आहे, हे कागदावर लिहा आणि मूळ चित्र परत करा. चार, चित्र यंत्राचे असेल तर तसे स्पष्ट छापा. वाचकाला तूप आणि डालडा यांतला फरक डब्यावर वाचायचा हक्क आहे.

माझ्याच व्यवसायातल्या तरुण मुलामुलींनाही दोन शब्द. दान द्यायचे तर मनापासून द्या. गावच्या शाळेची भिंत रंगवा, वाचनालयाला चित्र भेट द्या. पण जो अंक जाहिरातीचे पैसे घेतो आणि विकला जातो, त्याला दिलेले फुकट चित्र हे दान नव्हे. ते शेजारच्या चित्रकाराच्या ताटातली भाकरी उचलून तिसऱ्याला वाढणे आहे. बँकेत किंवा कचेरीत नोकरी करून हौसेने चित्रे काढणाऱ्यांनी तर हे अधिक लक्षात ठेवावे. तुमची हौस तुम्हाला लखलाभ, पण पैसे घ्या. घरात नको असतील तर घेऊन कुणाला तरी द्या. पण भाव पाडू नका.

राहता राहिला हा लेख. तो मी फुकट दिलेला नाही. संपादकांनी आधी आकडा सांगितला, मी मान्य केला, आणि हा लेख याच अंकात एकदा छापायचा, असे दोन ओळींत लिहून दोघांनी सह्या केल्या. आकडा फार मोठा नाही, पण तो आधी सांगितला होता. या सगळ्याला किती वेळ लागला म्हणाल, तर बरोबर पाच मिनिटे.